हागारच्या बाजूने वाचलेलं बायबल

१९१२ साली स्विस मनोविश्लेषक कार्ल युंग अमेरिकेत आले, तेव्हा वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात त्यांनी काही काळ्या रुग्णांची स्वप्नं ऐकून घेतली. त्यातल्या एकाला स्वप्नात चाकावर खिळलेला माणूस दिसला होता. हा रुग्ण दक्षिणेतला, बेताचाच शिकलेला. चर्चमध्ये त्याने क्रूस पाहिला असणार, पण हे चाक कुठून आलं? युंगना ग्रीक पुराणातला इक्सिऑन आठवला. झ्यूसने त्याला चाकाला बांधून कायमचं फिरत ठेवलं होतं. ही कथा त्या रुग्णाच्या कानावर गेली असणं शक्यच नव्हतं, तेव्हा अशा प्रतिमा माणसाच्या मनात उपजतच असल्या पाहिजेत, असा निष्कर्ष युंगनी काढला आणि अशा उपजत साच्यांच्या, म्हणजे आदिबंधांच्या, सिद्धान्ताचा पुरावा म्हणून हे स्वप्न ते पुढे व्याख्यानांत सांगत राहिले.

त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना जमाव भर गावात लटकवत होता, जाळत होता आणि त्याचे फोटो छापलेली पोस्टकार्डं विकली जात होती. त्या मुलखातून आलेल्या माणसाला स्वप्नात छळलेला देह दिसला, तर त्याचा उगम शोधायला थेट ग्रीस गाठायचं काय कारण? तो रुग्ण कुठल्या गावचा, त्याने काय काय पाहिलं होतं, हे विचारायची गरज युंगना भासली नाही. आदिबंध सापडला, प्रश्न मिटला.

आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या कादंबऱ्यांवर जे लिहिलं जातं, त्यातल्या बऱ्याच लेखनाचा खाक्या अजून हाच आहे. ही नायिका म्हणजे ग्रीक पुराणातली पाताळात पळवलेली पर्सेफोनी, ती म्हणजे स्वतःची मुलं मारणारी मीडिया, हा पूर म्हणजे नोहाचा, हे उड्डाण मेणाच्या पंखांच्या इकारसचं. आपल्याकडच्या इंग्रजी विभागांतले प्रबंधही याच वाटेने जातात. पात्रापुढे पुराणातलं नाव लिहिलं की प्रकरण संपलं. मला ही पद्धत नुसती उथळ वाटत नाही, ती उलटा अर्थ लावते असं वाटतं. टोनी मॉरिसन, झोरा नील हर्स्टन, ग्लोरिया नेलर, पॉल मार्शल या लेखिका बायबलकडे आणि पुराणांकडे सनातन साचे म्हणून बघतच नाहीत. त्यांच्या लेखी ती वादातली मिळकत आहे. सातबाऱ्यावर नाव मालकाचं आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारं कूळ वेगळंच, अशी.

वाद कसा सुरू झाला, ते आधी सांगायला हवं. गुलामांना बायबल मिळालं ते मालकांच्या हातून. नोहाने नातवाला, हामच्या मुलाला, दिलेला शाप काळ्या कातडीच्या माथी मारला गेला आणि ‘दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा’ हे येशूचा प्रेषित पौल याचं वाक्य रविवारच्या प्रवचनात पुन्हा पुन्हा ऐकवलं गेलं. १८०७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची खास छाटलेली आवृत्ती निघाली. तिच्यात जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग गाळलेला होता. इस्राएल लोक फारोच्या दास्यातून बाहेर पडतात तो निर्गम या पुस्तकातला भाग अर्थातच त्यात नव्हता. काय वाचलं तर माणसं बिथरतील, हे छाटणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही आपल्या परीने छाटणी केली. हॉवर्ड थर्मन हे काळे धर्मचिंतक लहानपणी आजीला बायबल वाचून दाखवत. आजी गुलामगिरीतून आलेली, निरक्षर. पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही, क्वचित करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय तेवढा चालायचा. मोठेपणी थर्मननी कारण विचारलं. मालकाचा पाद्री याच पत्रांतून गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवायचा, म्हणून सुटका झाली तर हा भाग पुन्हा कधी ऐकायचा नाही असं तिने ठरवलं होतं. कुठल्याही टीकाकाराआधी ही आजी बायबलची चिकित्सक वाचक होती.

इस्राएलांना दास्यातून बाहेर काढणाऱ्या मोशेची गोष्ट काळ्या अमेरिकेने आपलीशी केली हे सर्वांना माहीत आहे. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोशेच म्हणत. पण बायबलमध्ये गुलाम बाईची स्वतंत्र गोष्ट आहे आणि तिच्यात मुक्ती नाही. हागार ही सारेची मिसरी दासी. सारेला मूल होईना म्हणून हागारला अब्राहामाच्या शेजेला दिलं. ती गरोदर राहिली, सारेने छळ मांडला, ती रानात पळाली. तिथे परमेश्वराचा दूत भेटतो आणि सांगतो काय, तर मालकिणीकडे परत जा आणि तिच्या हाताखाली राहा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पुढे एकविसाव्या अध्यायात तिला आणि तिच्या मुलाला, इश्माएलला, भाकर आणि पाण्याची मसक देऊन घालवून देतात. पाणी संपतं, ती मुलाला झुडपाखाली टाकते, तेव्हा कुठे देव मुलाचा आवाज ऐकतो आणि तिला विहीर दिसते. डेलोरेस विल्यम्स या धर्मशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये या गोष्टीवर आख्खं पुस्तक उभं केलं. त्यांचा मुद्दा नेमका हा, की देवाने हागारला सोडवलं नाही, जगण्यापुरता मार्ग दाखवला. काळ्या पुरुषांनी निर्गमावर मुक्तीचं धर्मशास्त्र रचलं, त्यात हागारचा हिशेब धरलाच नव्हता.

विल्यम्सबाईंचं पुस्तक येण्याच्या सोळा वर्षं आधी, १९७७ मध्ये, मॉरिसन यांच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’मध्ये हागार येऊन गेली होती. या कादंबरीतली अर्धी माणसं बायबलमधली नावं घेऊन फिरतात. डेड घराण्यात मुलींची नावं बायबल उघडून, डोळे मिटून, बोट पडेल त्यावरून ठेवतात. एकीचं नाव चक्क ‘फर्स्ट करिंथियन्स’. पण सगळ्यात भारी प्रसंग पायलटच्या नामकरणाचा. बाळंतपणात बायको गेलेली. अडाणी बाप बायबलची पानं चाळतो आणि अक्षरांच्या आकारावरून एक शब्द निवडतो. लहान झाडांच्या ओळीवर एखादं मोठं झाड राखण करत झुकावं तसा तो त्याला दिसतो. सुईण हादरते. येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलाताचं नाव, आणि तेही आईविना पोरीला? बाप म्हणतो, मी येशूकडे रात्रभर बायकोचा जीव मागत होतो. सुईण सांगते, त्याने तुला लेक दिली. हो, दिली. लेकीचं नाव पायलट.

पुढे पायलट तो नाव लिहिलेला कागद पितळी डबीत घालून कानात घालते. आता इथे ‘पिलाताचा आदिबंध’ शोधत बसलं तर हाती काय लागेल? पायलट कुणाला क्रुसावर देत नाही की हात धूत नाही. उलट कादंबरीतली सगळ्यात दयाळू बाई तीच आहे. पवित्र ग्रंथातून नाव घ्यायचं आणि ते घेतानाच देवाशी भांडण मांडायचं, असा त्या बापाचा व्यवहार आहे. नाव ही इथे तक्रार आहे.

हागार ही या पायलटची नात. कादंबरीचा नायक मिल्कमन तिच्यापासून डझनभर वर्षं सुख घेतो आणि मग नाताळाच्या सुमाराला चिठ्ठी आणि काही पैसे पाठवून तिला मोकळं करतो. चिठ्ठीत आभार मानलेले असतात! अब्राहामाने निदान भाकर आणि पाणी दिलं होतं. मूळ गोष्टीतली विहीर मॉरिसनच्या हागारला मिळत नाही. ती स्वतःला सुंदर करायला दुकानं पालथी घालते, परतताना पावसात पिशवी फाटून कपडे-पावडरी रस्त्यावर पसरतात, ताप भरतो आणि ती मरते. देव काही ऐकत नाही. मात्र तिच्या अंत्यविधीला पायलट चर्चमध्ये शिरते आणि ‘दया!’ असं हुकूम सोडल्यासारखं ओरडते, मग तोच शब्द प्रश्न होऊन पुटपुटते. मागून तिची मुलगी रेबा, म्हणजे हागारची आई, गाण्यातच उत्तर देते, की मी ऐकते आहे. उत्पत्तीत ऐकणारा देव आहे, इथे आजीचं ऐकते ती आई. या दोन प्रसंगांमधलं अंतर मोजलं की कादंबरी उलगडते. ‘परित्यक्तेचा आदिबंध’ असं लेबल लावलं की तेच अंतर पुसलं जातं.

याच कादंबरीतल्या उड्डाणाबद्दलही हेच म्हणावं लागतं. मिल्कमनचा पणजोबा सॉलोमन शेतातून उडून आफ्रिकेला परत गेला, अशी गावातली कथा. समीक्षकांनी लगेच इकारसला हाक मारली. मॉरिसन यांनी मुलाखतीत सांगितलं होतं, की कुणाला इकारस दिसत असेल तर दिसो, पण त्यांना अभिप्रेत आहेत ते उडू शकणारे काळे लोक. या लोककथेला जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचा ठावठिकाणा आहे. १८०३ मध्ये सेंट सायमन्स बेटाच्या खाडीत इग्बो बंदिवान जहाजातून उतरले आणि गुलामीत जाण्यापेक्षा पाण्यात शिरले. इतिहास सांगतो ते बुडाले, किनाऱ्यावरच्या लोकांनी सांगितलं ते उडून किंवा पाण्यावरून चालत घरी गेले. इकारस बापाचं न ऐकल्यामुळे पडला, त्याच्या कथेत तारुण्याच्या उर्मटपणाला शिक्षा आहे. इग्बोंच्या कथेत शिक्षा कुणाला आणि कशाची? मॉरिसन तर त्याही पुढे जातात. सॉलोमन उडाला खरा, पण मागे बायको रायना आणि एकवीस मुलगे ठेवून. वीरपुरुष आकाशात गेल्यावर जमिनीवर कोण राहिलं, हा प्रश्न पुरुषांनी सांगितलेल्या लोककथेलाही चुकलेला नाही.

हर्स्टनबाईंचा मामला अधिक खोडकर. त्या पाद्र्याच्या पोटी जन्मलेल्या, फ्रान्झ बोआस यांच्याकडे मानवशास्त्र शिकलेल्या, न्यू ऑर्लीन्सला आणि हैतीला जाऊन जादूटोणा नि व्हूडूचा अभ्यास केलेल्या. १९३९ च्या त्यांच्या कादंबरीतला मोशे हा जगातला सगळ्यात मोठा मांत्रिक आहे, आणि तो मुळात इब्री आहे की नाही हेही धड ठरत नाही. निर्गमात मोशेची बहीण मिर्याम बाळ मोशेची पेटी नदीकाठी राखत बसते. हर्स्टनची मिर्याम पोरवयाची, तिला डुलकी लागते. जाग येते तो पेटी गायब. मार चुकवायला ती ठोकून देते, की राजकन्येने बाळ नेलं. एका झोपाळू पोरीच्या थापेवर राष्ट्राची मुक्तिकथा उभी! दोनच वर्षं आधी काळे कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी हर्स्टनच्या आधीच्या कादंबरीत ना विषय ना विचार, असं छापून सांगितलं होतं. मिर्यामची ही थाप वाचून त्यांचं मत बदललं असतं असं नाही, पण विचार नाही म्हणायला जीभ जरा अडखळली असती.

आता मीडिया. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर केंटकीतून कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली. पकडणारे दाराशी आले तेव्हा तिने दोन वर्षांच्या लेकीचा गळा कापला. खटल्यात वाद असा होता, की तिला माणूस समजून खुनाचा खटला चालवायचा की मालमत्ता समजून मालकाला परत द्यायचं. ती परत दिली गेली. दक्षिणेकडे नेताना बोटींची टक्कर होऊन तिची तान्ही मुलगीही बुडाली. १८५८ मध्ये ती स्वतः विषमज्वराने गेली. १८६७ साली थॉमस नोबल या चित्रकाराने तिचं चित्र काढलं आणि नाव दिलं ‘द मॉडर्न मीडिया’.

हे नाव सहानुभूतीने दिलेलं असेल, तरी ते खोटं आहे. मीडियाने मुलं मारली ती नवऱ्यावर सूड घ्यायला, आणि मग ती सूर्याच्या रथात बसून निघून गेली. गार्नरला रथ नव्हता, गुलामांच्या बाजाराकडे जाणारी बोट होती. मीडिया म्हटलं की गुन्हा बाईच्या स्वभावात जातो आणि १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा चित्राच्या चौकटीबाहेर राहतो.

गार्नरची बातमी मॉरिसनना संपादक असताना सापडली, १९७४ मध्ये त्यांच्या हाताखालून गेलेल्या ‘द ब्लॅक बुक’ या संकलनाच्या वेळी. १९८७ च्या ‘बिलव्हेड’मध्ये (म्हणजे ‘प्रिय’) त्यांनी मीडियाला जवळ येऊ दिलं नाही, बायबलला दिलं, आणि तेही वाकवून. सुरुवातीला रोमकरांस पत्रातलं वचन आहे, जी प्रिय नव्हती तिला प्रिय म्हणेन या अर्थाचं. पौलाने ते जुन्या करारातल्या होशेय या संदेष्ट्याकडून उचललं होतं आणि होशेयाने आपल्या मुलीचं नावच ‘दया न पावलेली’ असं ठेवलं होतं. मारल्या गेलेल्या मुलीच्या कादंबरीला याहून नेमकं दार सापडणं कठीण.

आणि ती मेजवानी. ‘बिलव्हेड’मधला स्टँप पेड दोन बादल्या ब्लॅकबेरी आणतो, नायिकेच्या सासूच्या, बेबी सग्जच्या, घरी ती फळं भरून ‘पाय’ हा गोड पदार्थ भाजतात, मग आणखी काही शिजतं, आणि बघता बघता नव्वद माणसं जेवतात. पाच भाकरी नि दोन माशांचा चमत्कार इथे चांगला घडतो आणि दुसऱ्या दिवशी गाव रागावतं. पाठीला मूल बांधून जिने कधी भेंडी तोडली नाही, तिच्या हाताला प्रभूचं काम कसं? हा मत्सर इतका ओळखीचा आहे, की कुठल्याही गावातल्या लग्नाच्या पंक्तीनंतर ऐकू यावा. त्या रागापोटी कुणी धोक्याची सूचना देत नाही, आणि ‘चार घोडेस्वार’ येतात. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले नव्हेत, एक शाळामास्तर, त्याचा पुतण्या, एक गुलाम पकडणारा आणि एक शेरीफ. जगाचा अंत सरकारी कागद घेऊन घोड्यावरून येतो. बेबी सग्ज रानातल्या मोकळ्या जागेत प्रवचन देते, तेव्हाही ‘धन्य ते नम्र’ असं काही म्हणत नाही. तुमचे हात, तुमची मान, तुमचं काळीज, यांच्यावर माया करा, कारण तिकडे कुणी करत नाही, एवढंच सांगते.

प्रत्येक लेखिकेला हे सारखंच साधतं असं मी म्हणणार नाही. ॲलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’मध्ये (१९८२) सेली देवाला पत्रं लिहिते, कारण देवाखेरीज कुणाला सांगायचं नाही अशी तिला धमकी आहे, आणि तिचा देव उंच, करड्या दाढीचा, गोरा आहे; पुढे ती त्याला लिहायचं थांबवते. इथपर्यंत कादंबरी लखलखीत आहे. शेवटाला मात्र सगळे एकत्र जमतात, छळणारा नवराही शिवणकाम करत सुधारतो, आणि देव तारे-झाडं-आकाश होऊन सगळ्यांना सामावून घेतो. भांडण इतक्या सहज मिटलेलं मला पटत नाही. नेलर यांचं ‘बेलीज कॅफे’ (१९९२) त्या मानाने निर्दय आहे. त्या आधी यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारक होत्या, बायबल मुखोद्गत. त्यांच्या एस्तेरला थोरला भाऊ वयाच्या बाराव्या वर्षी जमीनदाराला विकतो आणि ‘यावर आपण बोलायचं नाही’ हे वाक्य तिच्या प्रकरणात पुन्हा पुन्हा येतं. बायबलमधल्या एस्तेरला राजाकडे जाण्याआधी बारा महिने तेलं-अत्तरं लावत होते, आणि तिलाही बजावलं होतं की आपली जात-कुळी सांगू नको. हे आपण राणीची भाग्यकथा म्हणून वाचत आलो. नेलर यांच्यानंतर तसं वाचवत नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि त्या पुस्तकात केलं काय, तर मत्स्यापासून वामनापर्यंतचे अवतार बळीच्या बाजूने वाचून दाखवले. वामनाला आदिबंध म्हणून मुकाट मान्य करणं त्यांना परवडणारं नव्हतं. योगायोग असा, की पॉल मार्शल यांच्या १९८३ च्या कादंबरीतल्या नायिकेचं नाव अवतारा आहे, घरात हाक मारायला एव्ही. लहानपणी कुनी नावाची आत्याआजी तिला इग्बो लोक पाण्यावरून चालत गेल्याची गोष्ट सांगते. पोर विचारते, मग ते बुडाले कसे नाहीत? आत्याआजी तिच्याकडे बघत राहते आणि उलट विचारते, तुझ्या संडे स्कूलच्या पुस्तकातला येशू पाण्यावर चालताना बुडाला असं लिहिलंय का?

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. असं वाचलं तर या कादंबऱ्या एका समाजाच्या तक्रारअर्जात जमा होतील, आदिबंध त्यांना सगळ्या माणसांच्या करतो. पण मला कादंबरी वाचताना जे भिडतं ते तपशिलाने भिडतं: डबीतला कागद, फाटलेली पिशवी, दुसऱ्या दिवशीचा गावाचा राग. ‘सार्वत्रिक’ म्हणताना नमुना नेहमी ग्रीकच का निघतो, हेही एकदा विचारायला हरकत नाही. मार्गारेट गार्नरच्या उजेडात मीडिया वाचली असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

दरम्यान अमेरिकेत २०२१ च्या व्हर्जिनियातल्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ‘बिलव्हेड’ हा प्रचाराचा मुद्दा झाला. मुलांनी वर्गात हे वाचावं का, इतकं हिंसक, इतकं अश्लील. मॉरिसन यांची पहिली कादंबरी तर ग्रंथालयांतून काढायच्या पुस्तकांच्या यादीत वर्षानुवर्षं असते. दासीला मालकाच्या शेजेला देणं, मूल रानात टाकणं, मुलीला राजाच्या जनानखान्यात पाठवणं, हे सगळं त्याच घरांतल्या कपाटात, काळ्या बांधणीच्या जाड पुस्तकात आहे आणि ते मुलांच्या हाती द्यायला कुणाची ना नाही. मॉरिसन आणि नेलर यांनी त्यात एवढंच केलं, की त्या दासीला, त्या मुलीला काय वाटलं ते लिहिलं. हरकत नेमकी तिथे सुरू होते.